गोमेनमध्ये काय पडलं

एमायेसाठी मी पहिल्यांदाच गोमेनची पालेभाजी केली. ती तेलात केली की तुपात, हे आजही मला छातीवर हात ठेवून सांगता यायचं नाही.

एमाये म्हणजे माझी सासू, आसेलेफेच. मेन्झच्या डोंगरातून दीड दिवसाचा प्रवास करून ती माझ्या बाळंतपणाला डेब्रे बिरहानला आली. पाठीवर सातूच्या पिठाचं गाठोडं, आणि काखेत तुपाचा डबा असा धरलेला, की तिचंच तान्हं वाटावं. बसमधून उतरल्यावर तिनं आधी डबा खाली ठेवला आणि मग मला मिठी मारली. माझ्या पोटावर हात ठेवून काही पुटपुटली. काय पुटपुटली ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

याआधी माझी दोन बाळं आली नि गेली. एक चार दिवसांचं, एक सहा दिवसांचं. तिसऱ्याच्या वेळी एमायेनं नवस बोलला होता: मारियाम माउली, हे एक ठेव, यंदाचा हुदादे मी पुरता पाळीन, तुपाचं बोट नाही की दुधाचा थेंब नाही.

हुदादे तर सगळेच पाळतात. फासिकाच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाआधीचे पंचावन्न दिवस, मांस नाही, अंडं नाही, दूधदुभतं नाही, आणि देवळातली प्रार्थना संपून दुपार कलेपर्यंत पोटात पाणीही नाही. पण एमायेच्या पोटात दुखणं होतं. तीन वर्षांपूर्वी तिच्या पाद्रीबाबांनीच तिला सांगितलं होतं, ‘आसेलेफेच, तुझं वय झालं, तू वाटीभर दूध घेत जा, देव रागवायचा नाही.’ ती सवलत तिनं यंदा परत केली. नवस म्हणजे तो.

आणि गंमत पाहा. जिला पंचावन्न दिवस तुपाला शिवायचं नव्हतं, तीच बाई रोज सकाळी माझ्यासाठी सातूची घट्ट उकड करायची, मधोमध खळगा पाडायची आणि त्यात तूप ओतायची. काठोकाठ. बाळंतिणीला उपास नसतो. मी नको नको म्हटलं की म्हणायची, "गप. तू खातेस ते तुझं नाही, त्याचं आहे." दुपारी माझ्या टाळूवर ताज्या लोण्याचा गोळा ठेवायची. तो विरघळून कानामागून मानेवर ओघळायचा. माझी उशी, माझी ओढणी, माझी बोटं, सगळ्याला तुपाचा वास. मीच एक तुपाचं मडकं झाले होते.

बाळाला आम्ही मामुश म्हणत होतो. खरं नाव चाळिसाव्या दिवशी, बाप्तिस्म्याच्या वेळी. त्याला मांडीवर हलवत एमाये स्वतःचंच काहीतरी गुणगुणायची:

दोन गेली वाटेनं, तिसऱ्याला थोपविते,
मारियामच्या दाराशी भुकेचा दिवा लाविते.

मी न ऐकल्यासारखं करायची. पण तो दिवा मला दिसायचा. रोज दुपारी, ती देवळातून परतायची तेव्हा, तिच्या गालांच्या खळग्यांत.

बाळ छत्तीस दिवसांचं झालं. हुदादेचे बेचाळीस झाले. त्या सकाळी ती पांढरी शाल पांघरून निघाली आणि दाराच्या चौकटीला धरून क्षणभर उभी राहिली. चक्कर आली असावी. मला पाहिलं तशी म्हणाली, "दोरी शोधत होते." कसली दोरी, तिलाच ठाऊक.

ती गेल्यावर मी ठरवलं की आज तिच्यासाठी गरम काहीतरी मी करणार. एरवी ती थकून यायची, मग चूल पेटवायची, मग स्वतःपुरतं शिजवायची. माझ्या हातचं तिनं अजून काही खाल्लंच नव्हतं. लग्न झालं तेव्हा ती मेन्झला, मी इथं. नंतर ती आली तेव्हा मी दिवस भरलेली, मग बाळंतीण. आणि बाळंतीण चाळीस दिवस चुलीपाशी जात नाही.

मी गेले.

घरामागं गोमेनची बारा रोपं होती, मीच गरोदरपणी लावलेली. रुंद, निळसर हिरवी पानं, कोबीच्या चुलत बहिणी, पण गड्डा न धरणाऱ्या. खालची पानं खुडायची, वरचा शेंडा राखायचा, की रोप वर्षभर देत राहतं. वारा असा होता की पानं खुडताना ओढणी दोनदा कुंपणाला जाऊन अडकली. ओंजळी भरभरून पानं आणली, तीन पाण्यांनी धुतली, जाड शिरा काढल्या, पानावर पान ठेवून विडीसारखी गुंडाळी केली आणि बारीक चिरली. कांदा आधी कोरडाच परतला, आमच्यात तसंच करतात, तळाला लागेल असं वाटलं की पाण्याचा हबका. कांदा मऊ पडला. आता तेल.

इथं डब्यांची गोष्ट सांगायला हवी.

फळीवर दोन डबे होते, दोन्ही दुधाच्या पावडरीचे, सारखे. एकात तूप, एकात रेशनचं पामतेल. डेब्रे बिरहानची थंडी अशी, की पामतेल गोठतं. तूपही गोठतं. दोन्ही पिवळट, दोन्ही चमच्यानं कापावी लागतात. बरं, वासानं ओळखावं, तर एमायेनं तेलही तुपासारखंच कढवलं होतं, त्यातही कोसेरेतची वाळली सुगंधी पानं, वेलदोडे, मेथी, हळद. मी तेव्हा विचारलं होतं, "तेलाला कशाला एवढं?" तर म्हणाली, "उपासाचं देव बघतो. जिभेचं कोण बघणार?"

खूण एकच. तेलाच्या डब्याच्या झाकणावर तिनं खिळ्यानं क्रूस कोरला होता.

मी क्रूस पाहिला. झाकण काढलं. मोठा चमचा भरून गोठलेला गोळा कांद्यावर टाकला. तो पसरला, लसूण-आलं पडलं, वास घरभर गेला, मग पानं. पानं आधी भांड्याबाहेर डोकावत होती, हळूहळू खाली बसली. शेवटी हिरव्या मिरचीचे उभे तुकडे. झाकण घातलं आणि मी स्वतःवर फार खूश झाले.

दुपार कलली तशी एमाये आली. दारातच थांबली, नाक वर.

"कोण शिजवतंय? शेजारची लाकेच आली का?"

"मी."

"तू? चुलीपाशी? अगं, डोक्याला फडकं तरी बांधलंस? वारा शिरला तर? सदतिसाव्या दिवशी मरतात बायका!"

"आज छत्तिसावा आहे."

"मग काय, उद्या मरशील! बस तिकडे."

पण ती स्वतःच बसली. बूटही न काढता. मी ताटात इंजेराची मोठी पोळी पसरली, त्यावर भाजी वाढली, हात धुवायला पाणी घातलं. तिनं क्रूसाची खूण केली, पहिला तुकडा तोडला, भाजी त्यात गुंडाळली, तोंडात घातली.

आणि चावणं थांबलं.

तिचे डोळे मिटले. मग मिटल्या पापण्यांतून पाणी आलं.

"हे," ती म्हणाली, "माझ्या आईच्या हातचं आहे."

माझ्या छातीत दूध दाटून आलं, बाळ झोपलेलं असताना.

"इकडे ये. तोंड उघड."

तिनं घास केला आणि मला भरवला. भरवलेला घास नाकारता येत नाही, आणि एकावर थांबताही येत नाही. एक घास वैराचा म्हणतात, दोन दुराव्याचे, तिसरा जोडीचा. मी तोंड उघडलं. पहिला घास जिभेवर टेकला.

तूप.

दुसरा घास. तूप. तिसरा मी चावलाच नाही, गिळला. एमाये माझा गाल कुरवाळत होती आणि मला वाटत होतं, हे घर आता गोल फिरणार.

ती तृप्त होऊन बाळाशेजारी आडवी झाली तेव्हा मी फळीपाशी गेले. क्रूसवाल्या झाकणाचा डबा उघडला. हुंगला. दुसरा उघडला. हुंगला. मग पहिला. कोसेरेतचा वास इथंही, तिथंही. बोट बुडवून चाखलं. तूप. दुसऱ्यातलं चाखलं. तेही तूप. महिनाभर तुपात बुडालेल्या जिभेला दुसरी चवच उरली नव्हती. आणि बोटाचं काय? ते बोट दिवसातून दहा वेळा माझ्या लोणी थापलेल्या केसांत जाणारं. पानं चिरली याच हातांनी. म्हणजे डबा बरोबर असला तरी...

नाही, तो विचार मी तिथंच सोडला. एका वेळी एक गोंधळ.

आमची शेजारीण लाकेच आदल्या दिवशी भांडी घासून गेली होती. मी कुंपणापाशी गेले आणि दबक्या आवाजात ‘एतिये’, म्हणजे ताई, अशी हाक मारली.

"एतिये लाकेच! काल फळीवरचे डबे तुम्ही धुतलेत?"

"बाहेरून पुसले. चिकट होते. का ग?"

"झाकणं काढली होती?"

"मग? झाकणासकट पुसू?"

"आणि परत लावली ती... ज्याची त्याला?"

लाकेच कपडे वाळत घालत होती. तिनं चिमटा दातात धरला, विचार केला, चिमटा काढला.

"झाकणाला काय त्याचं-तिचं असतं का बाई? बसली तशी लावली. दोन्ही बसली."

"पण एकावर क्रूस होता."

"क्रूस कुठं नसतो? माझ्या कपाळावरही आहे." आणि खरंच तिनं कपाळावरचं निळं गोंदण दाखवलं. मग तिचा चेहरा बदलला. तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं. "वुबित. काय केलंस?"

"काही नाही."

"म्हातारीला तूप घातलंस?"

"माहीत नाही!"

"माहीत नाही म्हणजे काय? घातलं किंवा नाही घातलं, यात तिसरं काय असतं?"

होतं ना तिसरं. मी त्याच्यातच उभी होते. मी तिला म्हटलं, "तुम्ही येऊन चाखून सांगा."

"मी? माझा उपास! तूप निघालं तर माझाही गेला!" तिनं दोन्ही हात मागं घेतले, जणू डबा तिच्या अंगावर येत होता. "मांजराला दे. मांजर खोटं बोलत नाही."

ते मला पटलं. एवढी बावचळले होते मी. लाकेचचं करडं मांजर कुंपणावरून उचलून आणलं, दोन बशांत दोन चमचे ठेवले. ज्याला तोंड लावील ते तूप. मांजरानं एक बशी हुंगली. दुसरी हुंगली. मग माझ्या मानेवर ओघळलेलं लोणी चाटायला लागलं.

"बघ," कुंपणापलीकडून लाकेच म्हणाली, "ते म्हणतंय, तूप इथं आहे."

संध्याकाळी यिर्गा आला. माझा नवरा कांबळ्यांच्या कारखान्यात आहे. घरी येतो तो लोकरीची कुसं घेऊन, भुवयांतसुद्धा. त्यानं हात धुतले, उरलेली भाजी पुढ्यात ओढली आणि मी तोंड उघडायच्या आत अर्धी संपवली.

"सुरेख," तो म्हणाला. "कुणी केली?"

"मी. यिर्गा, तुला ती कसली लागते?"

"गोमेनची."

"तसं नाही. तेलाची की..." आणि मी सांगितलं. सगळं. झाकण, लाकेच, मांजर.

त्याचा हात ताटावर थांबला. मग त्यानं खाली बघितलं, ताटाकडे, स्वतःच्या पोटाकडे.

"म्हणजे मीही?"

"माहीत नाही."

"तू हे पाच घास आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारायला थांबलास का?"

तो हसायच्या बेतात होता. मग पडद्यापलीकडे आई गुणगुणताना त्याला ऐकू आली आणि हसणं तसंच राहिलं. नवसाचं त्यालाही ठाऊक होतं. पहिल्या दोघांना त्यानंच नेलं होतं, एकेका फडक्यात.

"तिला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. "तेरा दिवस राहिलेत. देवाला माहीत आहे, तेवढं पुरे."

"देवाला तरी माहीत असेल का रे, कोणता डबा ते?"

"त्याला माहीत असावं," यिर्गा म्हणाला. पण त्याचा आवाज काही खात्रीचा नव्हता.

सांगितलं तर तिचा नवस मोडला हे तिला कळेल. नाही सांगितलं तर मोडलेला नवस घेऊन ती बाळाला बाप्तिस्म्याला नेईल. आणि मोडलाच नसेल, तर मी उगाच सांगून तिच्या काळजात काटा टोचीन. जिकडे वळावं तिकडे मीच उभी. त्यातून आणखी एक वाईट विचार: आतापर्यंत एकच भाजी, एकच दिवस. पण फळीवरचे डबे तर तिथंच होते. उद्या माझ्या उकडीत काय पडेल? आणि तिच्या भाजीत?

सकाळी ती शाल पांघरत म्हणाली, "लेकी, आज पुन्हा तीच कर. अगदी तशीच. काल मला देवळातून येताना पहिल्यांदा पाय जड वाटले नाहीत... म्हणजे, आज वाटणार नाहीत. घरी काहीतरी वाट बघतंय म्हटलं की पाय चालतात."

"नको, एमाये."

"काय नको?"

"आज नको करायला."

तिनं शालीचं टोक खांद्यावर टाकलं. हळू टाकलं.

"खरंय. चूक माझी. बाळंतिणीला सांगायचं असतं का. म्हातारीच्या जिभेला हाड नाही, एकदा चटावली की मागतच सुटते. राहू दे हो. मी आल्यावर माझं मी करीन."

"तसं नाही!"

"कसंही असू दे. दमतेस तू."

"मी दमले नाही! मी तुम्हाला तूप घातलं असेल!"

झालं. निघून गेलं तोंडातून. वारा दारातून आत आला आणि चुलीतली राख थोडी उडाली.

एमाये वळली नाही. आधी ती बाळाकडे गेली. वाकली. त्याच्या कपाळाला तळहाताची मागची बाजू लावली, मग मानेला, मग छातीला. नाकाशी बोट धरलं. कितीतरी वेळ धरलं. तिची पाठ मला दिसत होती, शालीखालून वर आलेली हाडं.

"गरम नाही," ती म्हणाली. स्वतःशीच. "श्वास आहे. नीट आहे."

मग ती खाली बसली.

"घातलं असेल म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. मांजराचं आलं तेव्हा तिची एक भुवई वर गेली.

"एमाये, तुम्हाला खाताना कळलं नाही?"

"बेचाळीस दिवस तूप न खाल्लेल्या जिभेला काय कळणार? मला वाटलं, आई आली. आई तेलात करायची की तुपात, तेही आता आठवत नाही बघ." ती दोन्ही डब्यांकडे बघत राहिली. "मी खूण झाकणावर केली. अंगावर करायची ती टोपीवर केली. माझीच अक्कल."

"आता काय करायचं?"

"आता उन्हात ठेवायचे."

"काय?"

"डबे. शहरात वाढलीस तू, तुला कोण सांगणार. तेल लवकर विरघळतं, तूप मागून. उन्हात शेजारी शेजारी ठेव. आधी पातळ होईल ते तेल. ढिम्म राहील ते तूप. कालची भाजी कोणत्या डब्यातली ते तुला माहीत आहे ना?"

"डाव्या. ज्याला क्रूसाचं झाकण आहे तो."

"मग झालं तर. एवढंसं होतं. आणि मांजर चाटवत बसली."

त्या दिवशी ती देवळात गेली नाही. बेचाळीस दिवसांत पहिल्यांदा. आम्ही दोन्ही डबे अंगणातल्या दगडी कठड्यावर ठेवले, झाकणं काढून. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि दोघी उंबऱ्यावर बसलो. आमच्याकडे ऊन असतं, ऊब नसते. पण कठड्याला वारा लागत नव्हता. एमायेचं पोट मधून मधून आवाज करायचं. आम्ही दोघी ऐकलं न ऐकलंसं करायचो.

"तूप निघालं तर?" मी विचारलं.

ती गोमेनच्या रोपांकडे बघून हलकेच म्हणाली:

गोमेन माझी गं, खुडिते खालचं पान,
वरती राखिते कोवळी तिची मान.

"खाली खुडलं की वर वाढतं," ती म्हणाली. "पण किती खुडायचं, ते कोण सांगतं? जास्त खुडलं तर रोप बसतं. मी कधी कधी विचार करते वुबित, मी नवस बोलले ते मारियामला सांगायला, की मलाच काहीतरी करायला हवं होतं म्हणून? ती दोघं गेली तेव्हा मी तिकडे डोंगरात. हात रिकामे. काही करता आलं नाही. निदान उपाशी तरी राहता येतं."

मी तिच्या हाताला हात लावला. तिनं माझ्या हाताचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "बघ, तू स्वतःच तुपाचा डबा."

डब्यांच्या कडेला चकाकी येऊ लागली होती. डाव्या की उजव्या? मला डाव्या वाटली. तिला उजव्या. आम्ही दोघी उठून वाकून बघत होतो, आणि तेवढ्यात आत बाळ रडलं.

साधं रडणं नव्हतं. किंकाळी. एकदाच, आणि मग शांत.

आम्ही दोघी एकदम धावलो. दारात एकमेकींना आदळलो. एमायेची शाल चौकटीच्या खिळ्यात अडकून फाटली, तिनं मागं वळून पाहिलं नाही. मला फक्त ती शांतता ऐकू येत होती. चार दिवस. सहा दिवस. छत्तीस आणि एक.

मामुशनं दुलई लाथेनं उडवली होती आणि पायाच्या अंगठ्यात पाळण्याची दोरी गुंतली होती, एवढंच. तो वर बघत होता. रडून झाल्यावर कुठं आलोय असं बघतात तसा. एमायेनं दोरी सोडवली, त्याचा पाय तोंडाशी नेला आणि फुंकर घातली.

आणि तो हसला.

पोटातल्या वाऱ्याचं हसू मी महिनाभर पाहत होते. हे ते नव्हतं. हे तिच्याकडे बघून होतं. ओठाचं एक टोक आधी, मग दुसरं, मग सगळा चेहरा.

"पाहिलंस?" एमाये म्हणाली.

"पाहिलं."

"नाही, तू नाही पाहिलंस, तू माझ्याकडे बघत होतीस. थांब, पुन्हा." तिनं पुन्हा फुंकर घातली. पुन्हा हसला. मग मी घातली. माझ्याला नाही हसला. मग हसला. मग त्यानं ओलं केलं, मग त्याला पुसलं, दूध पाजलं, ढेकर काढली, आणि त्या ढेकरीवर आम्ही दोघी अशा हसलो की लाकेचनं कुंपणावरून विचारलं, "काय ग, तेल निघालं का?"

तेव्हा आठवलं.

अंगणात आलो. दोन्ही डबे काठापर्यंत पातळ. दोन्ही पिवळे, दोन्ही नितळ, दोन्हींत वरचं आभाळ. एकात ढगाचा तुकडाही होता. कोणता आधी वितळला, ते त्या दोघांनाच माहीत.

मी डोक्याला हात लावून खाली बसले. एमाये उभी राहिली. एकदा या डब्यात डोकावली, एकदा त्या. मग तिच्या खांद्यांना हसू फुटलं, आवाज न करता, आणि बराच वेळ थांबेना.

"उद्या पुन्हा ठेवू या," मी म्हटलं. "आता गोठले की उद्या. मी हलणार नाही इथून."

"कशाला?"

"कळायला नको?"

"कळून काय करशील? तूप निघालं, तर माझा एक दिवस गेला, तो मी भरून देईन. तेल निघालं, तरी आता माझ्या मनात किंतु आला, मी भरून देईनच. मग कळून फरक काय पडला? उगाच आणखी एक दिवस त्या डब्यांना बघत बसायचं. त्यापेक्षा त्याला बघू."

"पण भरून कसं देणार? फासिकानंतर उपास धरता येत नाही. पाप आहे ना?"

तिथं ती अडली. बोटांवर काहीतरी मोजलं. ओठ हलले. पुन्हा मोजलं, चुकलं, पुन्हा मोजलं.

"पुढल्या वर्षी," ती शेवटी म्हणाली. "पुढल्या वर्षीच्या हुदादेला एक दिवस आधी सुरू करीन. सगळे आदल्या दिवशी मटण खात असतील, मी गोमेन खाईन. मारियामला तसं सांगते. एक दिवस उधार." आणि मग जरा गोंधळून माझ्याकडे बघितलं, जणू स्वतःच्याच बोलण्यात पाय अडकला. "म्हणजे आता मला पुढल्या वर्षापर्यंत जगायला हवं. हे काय होऊन बसलं?"

"आणि इथं यायला हवं," मी म्हटलं. "गोमेन इथलीच खायची, माझ्या हातची."

"हो का? नवस मी बोलणार आणि अटी तू घालणार?"

पण नाही म्हणाली नाही.

तिनं दोन्ही डब्यांना झाकणं लावली, क्रूसाचं कोणत्या डब्याला ते बघितलंही नाही, आणि दोन्ही फळीच्या मागच्या कोपऱ्यात ढकलले. "फासिकाला दोन्ही एकाच हंड्यात ओतू. कोंबडीच्या रश्श्याला चालेल. तोवर तुझ्या उकडीला लाकेचकडून तूप आणू, आणि मला पाणी, मीठ, लसूण."

त्या दुपारी मी पुन्हा पानं खुडली. डोक्याला फडकं बांधून. ते तिनंच बांधलं, इतकं घट्ट की भुवया वर गेल्या. हात राखेनं तीनदा घासून धुतले. कांदा कोरडा परतला, पाण्याचे हबके मारले, पानं पाण्यातच शिजली. हिरवी मिरची, मीठ. तेल नाही, तूप नाही. काही म्हणजे काही नाही.

ऊन कठड्यावरून उतरलं तेव्हा तिनं उपास सोडला. खाल्लं, मान हलवली. मग घास केला.

"ये. तोंड उघड."

"मी बाळंतीण. मला कोरडी भाजी चालत नाही, तुम्हीच म्हणता."

"तीन घास. त्यानं काय होतंय."

पहिला घेतला, दुसरा घेतला. तिसरा घेताना तिची बोटं माझ्या ओठांना लागली, खरखरीत, लसणाचा वास असलेली. मी चावलं. थांबले. पुन्हा चावलं. पातेल्याकडे बघितलं, फळीकडे बघितलं, माझ्या धुतलेल्या हातांकडे बघितलं.

"काय झालं आता?" एमायेनं विचारलं.

तिला सांगावं की नाही, ते मला कळेना. त्या पाण्यात शिजलेल्या भाजीलाही मला तुपाचीच चव लागत होती.